गुहा आधी, पायवाट नंतर : कुटुंबासह एका दिवसाच्या सहलीची टप्प्याटप्प्याने आखणी

गुहा आणि तिच्या परिसरातल्या पायवाटा एकाच दिवसात पाहायला निघालेली कुटुंबे बहुतेक वेळा एकच चूक करतात. ती दोन वेगळ्या सहली एकच समजून आखतात. गुहेत काळोख, ओल आणि कोंदट हवा असते, तर पायवाटेवर ऊन, वारा, चढ-उतार आणि घटकेत पालटणारे हवामान असते. एकीसाठी घातलेले कपडे दुसरीला चालत नाहीत, एकीतला चालण्याचा वेग दुसरीला लागू पडत नाही आणि एकीत आलेला थकवा दुसरीत अपघात घडवतो. म्हणून या लेखात सामानाच्या यादीइतकेच महत्त्व क्रमाला दिले आहे. लहान मुले, किशोरवयीन मुले आणि गुडघे दुखणारी वडीलधारी मंडळी सोबत आहेत, असे गृहीत धरूनच पुढचे टप्पे लिहिले आहेत.

टप्पा 1 : गुहेचा प्रकार निश्चित करणे

सहलीच्या दृष्टीने गुहांचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात आखलेला मार्ग, पायऱ्या, कठडे, विजेचे दिवे आणि बहुधा मार्गदर्शक असतो. दुसऱ्या प्रकारात यांपैकी काहीही नसते. कुटुंबाने स्वतःच्या बळावर पहिल्याच प्रकारच्या गुहेत जावे. दुसऱ्या प्रकारच्या गुहेत जायचे असेल, तर ती गुहा प्रत्यक्ष माहीत असलेला अनुभवी माणूस पुढे असल्याशिवाय पाऊल टाकू नये. रांगत जावे लागेल, दोर लागेल किंवा पाण्यातून जावे लागेल, असे भाग तर अनुभवी माणूस सोबत असला तरी मुलांसह टाळावेत.

गुहांमध्ये नियमाने जाणारे लोक चारपेक्षा कमी जणांनी आत जात नाहीत. एकाला दुखापत झाली, तर एक जण त्याच्याजवळ थांबतो आणि उरलेले दोघे मिळून मदत आणायला जातात, असा त्यामागचा हिशेब आहे. आई, वडील आणि दोन लहान मुले मिळून चौघे होत असले, तरी या हिशेबात ते बसत नाहीत, कारण सात वर्षांच्या मुलाला जखमी माणसाजवळ बसवता येत नाही आणि मदतीसाठी धाडताही येत नाही. मोजताना फक्त प्रौढ आणि जबाबदार किशोर मोजावेत.

आणखी तीन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात: पायऱ्या किती आहेत, मार्ग एकाच दाराने आत-बाहेर करणारा आहे की दुसऱ्या दाराने बाहेर काढणारा, आणि अर्ध्यातून परत फिरता येते का. तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. मार्गदर्शकासोबतच्या फेरीत मूल मध्येच घाबरले आणि परत फिरण्याची सोय नसेल, तर उरलेली सगळी फेरी रडत्या मुलाला कडेवर घेऊन पूर्ण करावी लागते.

खबरदारी: डोंगर चढताना थकवा आला, तर परतीला उतार मिळतो. गुहेत पुष्कळदा याच्या उलट असते. जाताना उतार असतो आणि दमल्यावर चढ वाट्याला येतो. अमेरिकेतील कार्ल्सबॅड कॅव्हर्न्समध्ये नैसर्गिक तोंडातून आत जाणारी वाट सुमारे 2 किलोमीटरमध्ये जवळजवळ 230 मीटर खाली उतरते. अशा वाटेवर उतरताना वाटणारी सहजता पाहून वर येण्याचा अंदाज बांधू नये. आत उद्वाहक (लिफ्ट) आहे का आणि त्या दिवशी तो चालू आहे का, हे आधी विचारावे.

टप्पा 2 : वेळेची उलटी मोजणी

सकाळी किती वाजता निघायचे, या प्रश्नापासून आखणी सुरू केली की दिवस हमखास कोलमडतो. सुरुवात सूर्यास्तापासून करावी. समजा, सूर्यास्त साडेसहाला आहे. सगळे जण पाच वाजता गाडीत बसलेले असले पाहिजेत. उरलेला दीड तास राखीव आहे आणि तो कशासाठीही आधीच खर्ची घालायचा नाही. पाचपासून मागे येत पायवाटेचा वेळ, त्याआधी विश्रांतीचा एक तास, त्याआधी गुहेचा वेळ आणि त्याआधी प्रवास मांडत गेले, की घरातून निघण्याची वेळ आपोआप हाती येते. ती पहाटेची येत असेल आणि तेवढ्या लवकर निघणे घराला जमणारे नसेल, तर पायवाट लहान करावी. निघण्याची वेळ पुढे ढकलून बाकी सगळे तसेच ठेवणे ही या टप्प्यातली नेहमीची चूक आहे.

पायवाटेचा वेळ काढण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: सपाटीवर तासाला साधारण 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईसाठी एक तास जास्त. चार किलोमीटरच्या आणि 200 मीटर चढ असलेल्या वाटेला या हिशेबाने अठ्ठेचाळीस मिनिटे अधिक वीस मिनिटे, म्हणजे अडुसष्ट मिनिटे लागतात. हा हिशेब मात्र न थांबता चालणाऱ्या सशक्त प्रौढांचा आहे. सहा-सात वर्षांचे मूल सोबत असेल, तर आलेल्या आकड्याची सरळ दुप्पट करावी आणि त्यात थांब्यांचे अर्धा तास मिळवावेत. म्हणजे तीच वाट पावणेतीन तासांची होते. नकाशावर किंवा फलकावर लिहिलेला वेळ आपल्या कुटुंबाचा वेळ आहे, असे कधीही धरू नये.

आता क्रम. गुहा सकाळी आणि पायवाट नंतर, हा नियम मी आग्रहाने सांगतो आणि त्यामागे तीन कारणे आहेत. ओल्या दगडावर तोल सांभाळायला ताजे पाय लागतात. दुपारनंतर पाऊस किंवा वादळ येण्याची शक्यता पुष्कळ प्रदेशांत वाढते, आणि पायवाट अर्ध्यात सोडून परतता येते तशी गुहा सोडता येत नाही. तिसरे कारण घामाचे आहे. माझा मुलगा सात वर्षांचा असताना आम्ही दोन तास टेकडी चढून-उतरून थेट गुहेत शिरलो. त्याचा सुती सदरा पाठीला चिकटला होता. आत वारा नव्हता, विशेष थंडीही जाणवत नव्हती, पण वीस मिनिटांत त्याचे ओठ थरथरू लागले आणि तो बोलेनासा झाला. घाम येऊन गेलेल्या अंगावरचे ओले कापड थंड हवेत शरीराची उष्णता झपाट्याने ओढून घेते, आणि मुलांचे शरीर लहान असल्याने ते प्रौढांपेक्षा लवकर गार पडते.

याला एक अपवाद आहे. दुपारी चालणे धोक्याचे ठरेल इतका उन्हाळा कडक असेल, तर पायवाट अगदी पहाटे उरकावी. मात्र त्यानंतर किमान एक तास सावलीत विश्रांती घेऊन आणि अंगावरचे सगळे कपडे बदलूनच गुहेत जावे.

टप्पा 3 : पावसाचा आणि पाण्याचा अंदाज

गुहेवर पाऊस पडत नाही म्हणून आत पाणी चढणार नाही, हा समज जिवावर बेततो. चुनखडीच्या प्रदेशात दूरवर पडलेले पावसाचे पाणी भेगांमधून जमिनीत उतरते आणि काही वेळाने गुहेतल्या प्रवाहात प्रकटते. थायलंडमधील थाम लुआंग गुहेत 23 जून 2018 रोजी बारा मुले आणि त्यांचे प्रशिक्षक आत गेल्यानंतर पावसाच्या पाण्याने परतीची वाट बंद झाली. शेवटचा गट बाहेर यायला 10 जुलै उजाडला आणि त्या मोहिमेत एका बचाव पाणबुड्याला प्राण गमवावे लागले. म्हणून हवामानाचा अंदाज फक्त गुहेच्या ठिकाणचा न पाहता वरच्या अंगाच्या सगळ्या पाणलोटाचा पाहावा, आणि आदल्या दोन दिवसांत किती पाऊस झाला हेही विचारावे.

गुहेत पाणी किती उंच येते, हे गुहा स्वतःच सांगते. भिंतीवरच्या फटींकडे बारकाईने पाहावे. डोक्याच्या उंचीवर एखाद्या कपारीत वाळलेले पान, काडी किंवा गवताचा झुपका अडकलेला दिसला, तर तो वाऱ्याने तिथे गेलेला नाही. पाण्याने तो तिथे नेऊन ठेवलेला आहे. असा खुणावणारा कचरा दिसलेल्या गुहेत आकाश ढगाळ असताना कुटुंबाला नेऊ नये.

तपासणी: निघण्याच्या दिवशी सकाळी अंदाज पुन्हा पाहावा आणि जायचे की नाही, हे घरीच ठरवावे. गुहेच्या दारात पोहोचल्यावर, एवढा प्रवास झाला आहे आणि मुले उत्सुक झाली आहेत, अशा वेळी घेतलेला निर्णय सहसा चुकतो.

टप्पा 4 : कपडे, उजेड, पादत्राणे

गुहेच्या आतले तापमान वर्षभर जवळजवळ सारखे राहते आणि ते साधारणपणे त्या ठिकाणच्या बाहेरच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास असते. हा नियम एकदा समजला, की कपड्यांचा प्रश्न सुटतो. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या गुहेत आतल्या भागात सुमारे 12 अंश सेल्सिअस आणि स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत सुमारे 10 अंश सेल्सिअस तापमान असते, मग बाहेर भर उन्हाळा का असेना. याउलट उष्ण प्रदेशातल्या गुहा आतून उबदार असतात आणि हवेत बाष्प इतके असते की घाम वाळत नाही. अशा ठिकाणी जाड कपडे घालून गेलेले मूल थंडीने गारठत नाही, पण उकाड्याने गळून जाते. त्यामुळे ‘गुहेत थंडी असते’ या ऐकीव माहितीवर विसंबण्यापेक्षा त्या ठिकाणचे वार्षिक सरासरी तापमान पाहावे.

थंड गुहेसाठी अंगालगत लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा पातळ थर, त्यावर उबदार थर आणि सगळ्यांत वर ओल अडवणारे जाकीट असावे. सुती कपडे आणि जीन्स टाळाव्यात, कारण ते भिजले की लवकर वाळत नाहीत. प्रत्येकाचा कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड, मोज्यांसह, गाडीत वेगळ्या पिशवीत ठेवावा. तो पायवाटेसाठी लागणार आहे.

उजेडाच्या बाबतीत तडजोड करू नये. दिवे नसलेल्या गुहेत प्रत्येक माणसाजवळ एकमेकांवर अवलंबून नसलेले तीन उजेड असावेत आणि त्यांतला मुख्य दिवा हेल्मेटवर बसवलेला असावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. ‘प्रत्येक माणसाजवळ’ यात पाच वर्षांचे मूलही येते. मोबाइलचा दिवा या तिघांत मोजू नये. तो हातात धरावा लागतो, निसटतो, आणि शेवटी आपत्कालीन फोन करायची वेळ येते तेव्हा त्याची बॅटरी संपलेली असते. विजेचे दिवे असलेल्या गुहेतही प्रत्येकी एक छोटी विजेरी खिशात असावी, कारण वीज तिथेही जाते.

हेल्मेट बसवताना एक साधी परीक्षा घ्यावी. पट्टा लावून मुलाला खाली वाकून बुटांकडे पाहायला सांगावे आणि मान जोरात हलवायला लावावी. हेल्मेट डोळ्यांवर घसरले, तर पट्टा सैल आहे. हनुवटी आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटे जेमतेम जातील इतकाच तो ढिला असावा. बुटांची परीक्षाही घरीच होते. ओल्या गुळगुळीत फरशीवर ते बूट घालून एका पायावर उभे राहावे. जिथे फरशीवर पाय सरकतो, तिथे चिखल लागलेल्या चुनखडीवर तो नक्की सरकेल. नवे कोरे बूट सहलीच्याच दिवशी पहिल्यांदा घालू नयेत.

बाळ सोबत असेल तर त्याला पोटाशी बांधता येईल अशा झोळीत घ्यावे. पाठीवरच्या उंच चौकटीच्या झोळीत बाळाचे डोके आपल्या डोक्यापेक्षा वर येते. आपण सवयीने वाकतो आणि छताचा दगड त्याला लागतो. ते आपल्याला दिसतही नाही. अनेक गुहांमध्ये अशा चौकटीच्या झोळ्यांना मनाई असते ती याच कारणाने.

बाकीचे सामान थोडक्यात: प्रथमोपचार पेटी, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, चुरा न पडणारे कोरडे खाणे, चालण्याच्या प्रत्येक तासाला प्रौढामागे साधारण अर्धा लिटर पाणी आणि उन्हात त्याहून जास्त, कागदी नकाशा, कचऱ्याची पिशवी.

खबरदारी: याआधी दुसऱ्या एखाद्या गुहेत वापरलेले बूट आणि कपडे न धुता नव्या गुहेत नेऊ नयेत. बुरशीमुळे वटवाघळांना होणाऱ्या ‘पांढरे नाक’ या रोगाने उत्तर अमेरिकेत 2006 पासून लाखो वटवाघळे मेली आहेत, आणि त्या बुरशीचे बीजाणू बुटांच्या तळव्यांना चिकटूनही एका गुहेतून दुसरीत जाऊ शकतात.

टप्पा 5 : आदल्या संध्याकाळचा सराव

हा टप्पा अर्ध्या तासाचा आहे आणि तो वगळणारी कुटुंबे गुहेच्या पहिल्या वळणावरच अडकतात. सर्व दिवे नव्या किंवा पूर्ण भरलेल्या बॅटरीवर लावून सलग चालू ठेवावेत आणि जेवण होईपर्यंत कोणता मंदावतो ते पाहावे. मग घरातले दिवे मालवून मुलांना हेल्मेट आणि दिव्यासह खोल्यांमधून फिरवावे. समोरच्याशी बोलताना त्याच्या डोळ्यांत उजेड मारायचा नाही, मान किंचित खाली ठेवून त्याच्या छातीकडे पाहायचे, ही सवय एका संध्याकाळीत लागते. उजेडाने दिपलेल्या डोळ्यांना काळोखाला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, त्यामुळे एका मुलाच्या बेसावध वळण्याने सगळ्यांची नजर वाया जाते.

त्याच वेळी तीन करार करावेत. हरवलो असे वाटले, की जिथे असू तिथेच बसायचे. शिट्टी तीनदा वाजवायची, थांबायचे आणि पुन्हा तीनदा वाजवायची. आणि ‘मला बाहेर जायचे आहे’ असे कोणीही म्हटले, तर कोणीही चिडवायचे नाही. तिसरा करार मोठ्यांनीही पाळायचा आहे. चिडवले जाईल या भीतीने मूल गप्प राहते आणि अवघड जागी पोहोचल्यावर एकदम कोसळते.

मूल बाहेर निघाले तर त्याच्याबरोबर कोणी जायचे, हेही त्याच संध्याकाळी ठरवावे, आणि त्या माणसाजवळ स्वतःचा दिवा, पाणी व गाडीची किल्ली असावी. किल्ली आत राहिलेल्याच्या खिशात असते आणि बाहेर आलेला तासभर भर उन्हात बंद गाडीशेजारी उभा राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

शेवटी, घरी थांबणाऱ्या एका विश्वासू माणसाला लिहून द्यावे: गुहेचे नाव, पायवाटेचे नाव, माणसांची संख्या, गाडीचा क्रमांक, परतण्याची वेळ आणि ‘या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर मदत बोलवावी’ अशी अंतिम वेळ. गुहेत मोबाइलला संपर्क मिळत नाही आणि उपग्रहांवर चालणारा दिशादर्शकही खडकाखाली निरुपयोगी असतो. आपण कुठे आहोत हे सांगणारी ती एक चिठ्ठीच असते.

टप्पा 6 : गुहेच्या तोंडाशी

पोहोचताच आत शिरू नये. आधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यावे, कारण आत तशी सोय बहुधा नसते. काही खाऊन घ्यावे. मग डोकी मोजावीत आणि क्रम लावावा: सर्वांत पुढे एक प्रौढ, त्याच्या मागे सर्वांत हळू चालणारा, मध्ये बाकीचे आणि सर्वांत मागे दुसरा प्रौढ. वेग हळू चालणाऱ्याने ठरवायचा असल्याने त्याची जागा पुढेच हवी. तो मागे राहिला, तर बाकीचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोहोचताच पुन्हा निघतात. त्याला विश्रांती कधीच मिळत नाही.

उन्हातून आल्यावर दारापासून थोडे आत, सपाट जागी पाच मिनिटे उभे राहावे. डोळे सरावतात, मुलांचा धीर वाढतो आणि थंडी किंवा उकाडा कितपत आहे याचा अंदाज येतो. कपड्यांचा थर इथेच वाढवावा किंवा काढावा.

तपासणी: सगळे दिवे सुरू, हेल्मेटचे पट्टे बंद, बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीच्या, परत फिरण्याची वेळ मोठ्याने सांगितलेली.

टप्पा 7 : गुहेच्या आत

चालण्याचा एकच नियम मुलांना शिकवावा: दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले असले पाहिजेत. हा नियम ओबडधोबड उतारासाठी आहे. कठडा असलेल्या पायऱ्यांवर एक हात सतत कठड्यावर ठेवावा. उडी मारू नये, धावू नये आणि चालता चालता वर पाहू नये. छत पाहायचे असेल तर आधी थांबायचे, मग पाहायचे. गुहेत घोटा मुरगळतो तो बहुतेक वेळा सुंदर ठिकाणी, कारण नजर वर आणि पाय पुढे असे होते.

फाटे असलेल्या गुहेत प्रत्येक वळणावर थांबून मागे वळून पाहावे. येतानाचे दृश्य आणि परततानाचे दृश्य सारखे नसते. येताना उजवीकडे सहज दिसलेला दगड परततानाच्या बाजूने ओळखूही येत नाही. हे काम मुलांना द्यावे: प्रत्येक फाट्याची एक खूण त्यांनी सांगायची आणि परतताना ती ओळखायची. खडू किंवा रंगाने भिंतीवर खुणा करू नयेत.

छतावरून लोंबणारे आणि जमिनीवरून वर आलेले लवणस्तंभ यांना बोटही लावू नये. पाण्यातला चुना थराथराने साचून ते वाढतात आणि ही वाढ बऱ्याच ठिकाणी वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते. हाताच्या त्वचेवरचा तेलकटपणा त्या पृष्ठभागावर राहिला, की तिथे चुना नीट धरत नाही आणि डाग पडतो. मुलांना नुसते ‘हात लावू नको’ म्हटले तर पाच मिनिटांनी हात लागतोच. बोटाच्या एका पेराएवढा स्तंभ वाढायला तुझ्या पणजोबांच्या जन्माआधीपासूनचा काळ लागला आहे, हे सांगितले की हात मागे राहतो. प्राचीन चित्रे असलेल्या गुहेत तर माणसाच्या श्वासाचाही परिणाम होतो. फ्रान्समधली लास्को गुहा याच कारणाने 1963 मध्ये पर्यटकांसाठी बंद करावी लागली. अशा ठिकाणी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त रेंगाळू नये.

वटवाघळे दिसली तर दिवा त्यांच्यावरून लगेच काढावा, आवाज थांबवावा आणि पुढे जावे. हिवाळ्यात निद्रिस्त असलेले वटवाघूळ जागे झाले, की त्याची साठवलेली चरबी खर्च होते आणि वसंतापर्यंत ती पुरत नाही. जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला कोणीही हात लावू नये. चावा बसला किंवा नख लागले, तर जखम साबण आणि भरपूर पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जावे, ओरखडा कितीही किरकोळ दिसो. त्यांच्या विष्ठेचे कोरडे ढीग तुडवू नयेत, कारण त्या धुळीतून फुप्फुसांना बाधणारी हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी श्वासात जाऊ शकते. दम्याचा किंवा प्रतिकारशक्ती कमी असल्याचा त्रास असलेल्यांनी अशा गुहेत जाऊच नये.

खबरदारी: फार श्रम न करता धाप लागली, डोके दुखू लागले किंवा दोघा-तिघांना एकाच वेळी गरगरल्यासारखे झाले, तर कारण शोधत बसू नये. सगळ्यांनी ताबडतोब आल्या वाटेने बाहेर यावे. खोलगट आणि हवा न खेळणाऱ्या जागी कार्बन डायऑक्साइड साचतो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण सुमारे 0.04 टक्के असते, पण अशा खळग्यांत ते कितीतरी पटींनी वाढू शकते. मेणबत्ती किंवा काडी पेटवून हवा तपासण्याची जुनी पद्धत वापरू नये, कारण ज्योत जळत असतानाही या वायूचे प्रमाण माणसाला बाधण्याइतके असू शकते.

ठरलेली वेळ झाली, की पुढे कितीही थोडे उरले असले तरी परत फिरावे. गुहेत जायला लागला तेवढाच वेळ परतायला धरावा आणि तेवढाच आणखी हाताशी ठेवावा.

टप्पा 8 : मधला एक तास

बाहेर आल्यावर पहिले काम डोकी मोजण्याचे, दुसरे कपडे बदलण्याचे, तिसरे हात धुऊन खाण्याचे. भूक लागलेली असते म्हणून हा क्रम उलटा होतो आणि गुहेतल्या चिखलाचे हात थेट तोंडात जातात. गुहेतले बूट आणि कपडे बंद पिशवीत घालून बाजूला ठेवावेत. पायांना फोड आले आहेत का, हे मोजे काढून पाहावे. मुलाला विचारून भागत नाही, कारण पायवाटेची उत्सुकता असलेले मूल नाहीच म्हणते.

याच तासात पायवाटेचा निर्णय नव्याने घ्यावा. गुहेला ठरल्यापेक्षा तासभर जास्त लागला असेल, तर तो तास पायवाटेतून कापावा. राखीव दीड तासाला हात लावू नये.

टप्पा 9 : पायवाट

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने फिरून त्याच जागी येणारी वाट घेण्यापेक्षा गेल्या वाटेनेच परतण्याची वाट निवडावी, असे माझे मत आहे. गोलाकार वाट आकर्षक वाटते, पण अर्ध्याच्या पुढे गेल्यावर तिच्यात परत फिरण्याला अर्थ उरत नाही, आणि दमलेल्या मुलासोबत तीच मोठी अडचण असते.

चुनखडीच्या प्रदेशात खुणांची वाट सोडणे इतर डोंगरांपेक्षा जास्त धोक्याचे आहे. पालापाचोळ्याने किंवा झुडपांनी झाकलेली खोल विवरे आणि उभे खड्डे तिथे असतात. मुलाने चेंडूमागे किंवा फुलपाखरामागे वाट सोडली, तर हाक मारून त्याला जागेवर उभे करावे आणि मोठ्या माणसाने पायाखालची जमीन पाहत त्याच्याकडे जावे.

विजांचा कडकडाट सुरू झाला, की लोक जवळच्या कपारीकडे किंवा गुहेच्या तोंडाकडे धावतात. या लेखात सांगितलेल्या सगळ्या चुकांपैकी ही सर्वांत घातक आहे. जवळ वीज पडली, तर जमिनीतून वाहणारा प्रवाह कपारीच्या छतापासून जमिनीकडे झेप घेऊ शकतो आणि मध्ये उभा असलेला माणूस त्याची वाट बनतो. गडगडाट ऐकू येताच कडा आणि उघडे माथे सोडून खाली उतरावे, एकट्या उंच झाडापासून दूर राहावे आणि शक्यतो बंद गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटे झाल्याशिवाय पुन्हा वाटेवर येऊ नये.

तपासणी: दर अर्ध्या तासाला थांबून पाणी, डोकी आणि आकाश, या तीन गोष्टी पाहाव्यात. ठरलेली वेळ झाली की जिथे असाल तिथून परतावे.

टप्पा 10 : परतल्यावर

गाडीत बसून संपर्क मिळताच पहिला निरोप घरी थांबलेल्या माणसाला द्यावा. हा निरोप विसरला जातो, अंतिम वेळ उलटते, आणि बचावपथक रिकाम्या गुहेत शोध घेत राहते.

त्याच दिवशी सर्वांचे अंग गोचिडांसाठी तपासावे: कानांमागे, केसांत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली आणि गुडघ्यांच्या मागे. चिकटलेली गोचीड टोकदार चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढावी. तिच्यावर तेल ओतू नये किंवा तिला चटका देऊ नये. बुटांचा चिखल आधी घासून काढावा, आणि पाण्यात बुडवता येणारे सामान किमान 55 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात वीस मिनिटे ठेवून मग पूर्ण वाळवावे. दिव्यांतल्या बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, नाहीतर त्या पाझरून पुढच्या सहलीआधीच दिवा निकामी होतो.

पुढचे दोन-तीन आठवडे घरात कोणाला ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणे किंवा अकारण थकवा जाणवला, तर डॉक्टरांना लक्षणांबरोबरच आपण कोणत्या तारखेला गुहेत गेलो होतो आणि तिथे वटवाघळे होती का, हेही सांगावे. हिस्टोप्लाझ्माची लक्षणे साधारण तीन ते सतरा दिवसांत दिसतात, आणि गुहेचा उल्लेख झाला नाही तर ती साध्या सर्दी-तापात मोजली जातात.